पणजीतला चिखल

रविवारी मुलांना लांब कुठे न नेता पणजीतच, पाटोजवळच्या खाडीकाठी खारफुटी दाखवायला नेलं. थोरलीचं तोंड वाकडं, तिला मॉलमध्ये जायचं होतं. ओहोटी होती हे बरं झालं, भरतीला इथे नुसतं पाणी दिसतं.

चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळं बघून धाकटा म्हणतो, "आई, ही झाडं उलटी लावलीत?" चिखलात हवा नसते म्हणून मुळं वर येऊन श्वास घेतात, हे सांगेपर्यंत साहेब कुर्ल्यांकडे वळलेसुद्धा! इवलीशी कुर्ली, पण नराची एक नांगी भलीमोठी. बिळाच्या तोंडाशी उभा राहून ती सारखी हलवत होता, मादीला बोलवायला. शेजारी एक निवटा पुढच्या परांवर रेटा देत चिखलातून सरपटत चाललेला. मासा असून पाण्याबाहेर, कारण ओल्या कातडीतूनही त्याला श्वास घेता येतो. थोरलीने त्याचे तीन व्हिडिओ काढले. मॉलचं नाव नाही.

मुळांना अडकलेल्या प्लास्टिकवर लिहायला बसले तर पोस्ट संपायची नाही.

आता रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला, सलीम अली पक्षी अभयारण्यात जायचंय. कुणाची पोरं येणार असतील तर कळवा. दुर्बीण मात्र आपापली आणा, आमच्या एकीवरच घरात भांडणं आहेत.