टॅबलेट मुलांच्या हातात, निर्णयही मुलांचेच: माझ्या सराव पाठाचा अनुभव

प्राथमिक शिक्षिका होण्यासाठीच्या अभ्यासक्रमात शेवटी शेवटी एक प्रकल्प करावा लागतो. विषय निवडायचा, त्यावर वाचन करायचं, पाठाचं टाचण काढायचं, खऱ्या वर्गात पाठ घ्यायचा आणि मग त्यावर चिंतन लिहून द्यायचं. मी 'वर्गातलं तंत्रज्ञान आणि मुलांची सर्जनशीलता' हा विषय घेतला, कारण उद्या वर्गावर उभी राहीन तेव्हा हा प्रश्न मला रोज पडणार आहे.

टाचणात 'तंत्रज्ञानाचा वापर' असा एक रकाना असतो. तो भरायचा सोपा मार्ग सगळ्यांना ठाऊक आहे: स्लाइड दाखवायच्या, एक व्हिडिओ लावायचा, शेवटी स्क्रीनवर प्रश्नमंजूषा घ्यायची. मुलं खूश होतात, हात वर करतात, वर्ग जिवंत दिसतो. पण यात मुलं करतात काय? चार पर्यायांतला एक निवडतात, बस. हे मला खटकत होतं, पण का खटकतंय ते नीट सांगता येत नव्हतं. ते वाचनातून सापडलं.

गणितज्ञ आणि शिक्षणविचारवंत सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात सूचना पाळत, रेघ ओढत फिरणारं कासव आलं. 'इतकं पुढे जा, ९० अंशांत वळ' असं चार वेळा सांगितलं की कासव चौरस काढतं. मुलाने संगणकाला शिकवायचं, संगणकाने मुलाला घडवायचं नाही, हा पॅपर्ट यांचा आग्रह होता. मिचेल रेझनिक यांच्या गटाने अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून गोष्टी आणि खेळ बनवायची मुलांची संगणकभाषा, लोकांसमोर आणली, ती याच विचारातून. चांगल्या साधनाची जमीन खाली हवी, म्हणजे नवख्याला पाय ठेवता यावा. छत उंच हवं, म्हणजे हुशार झालेल्यालाही वाव राहावा. आणि भिंती रुंद हव्यात, म्हणजे प्रत्येकाला आपली वेगळी वाट धरता यावी, असं रेझनिक सांगतात. जमीन आणि छत पॅपर्ट यांच्याकडून आलेलं, रुंद भिंतींची भर रेझनिक यांची. मला या भिंतींचंच सगळ्यात जास्त पटलं. वर्गातल्या सगळ्यांचं काम सारखंच झालं तर त्या साधनाच्या भिंती अरुंद आहेत, असं सरळ समजावं.

मग मी एक सवय लावून घेतली. कुठलंही अॅप समोर आलं की विचारायचं: हे वापरताना मुलाला किती निर्णय घ्यावे लागतात? रंग भरायच्या अॅपमध्ये फक्त रंग निवडायचा असतो, आकार तयार असतो. पाढ्यांच्या खेळात निर्णय नसतोच, उत्तर असतं. सराव म्हणून ते उपयोगी आहे, मी त्याला नाव ठेवणार नाही, पण त्याला सर्जनशील म्हणू नये. एका चर्चेत कुणीतरी सुचवलं की मुलांना एआयकडून चित्रं करून घेऊ द्यावीत. अशा बऱ्याच सेवांच्या अटींमध्ये वयोमर्यादा १३ वर्षं किंवा त्याहून जास्त असते, हा झाला नियमाचा भाग. पण नियम नसता तरी आठ वर्षांच्या मुलाला मी तिथून सुरुवात करू दिली नसती. एक वाक्य सांगितलं की पूर्ण चित्र हजर; पान केवढं काढू, ते कुठल्या बाजूला झुकवू, हे प्रश्न त्याला पडतच नाहीत. त्या वयात तेच पडायला हवेत.

सगळ्यात जास्त निर्णय मुलांकडे राहतील असं साधन शोधता शोधता मी स्टॉप-मोशनपाशी आले. कागदाचे तुकडे टेबलावर मांडायचे, फोटो काढायचा, तुकडा किंचित सरकवायचा, पुन्हा फोटो. सगळे फोटो सलग दाखवले की चित्र हलतं. घटक तिसरीच्या परिसर अभ्यासातला घेतला: बी रुजणं. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाला एक टॅबलेट, आणि १० सेकंदांची फिल्म.

तयारीत माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो टॅबलेट हलणार नाही याची सोय करण्यात. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे स्थिर चित्रं, असतात. स्टॉप-मोशन करणारे बरेचदा एकच मांडणी दोन चौकटी ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ फोटो पुरतात. मी मुलांसाठी ते ६ वर आणलं. १० सेकंदांचे ६० फोटो होतात हा हिशोब मुलांनीच केला. टॅबलेट वरून खाली बघेल असा आडवा पक्का बसवायचा, कॅमेऱ्याचा फोकस आणि प्रकाश लॉक करायचा, नाहीतर कुणी वाकलं की चित्र उजळतं-मंदावतं आणि फिल्म लुकलुकते. गटात कामं वाटून दिली: एक सरकवणार, एक फोटो काढणार, एक मोजणार, आणि एक फक्त हात किंवा सावली चौकटीत येत नाही ना ते बघणार. दर १५ फोटोंनंतर कामं बदलायची. एक पक्का नियम होता, मुलांचे चेहरे कुठल्याही फोटोत येऊ द्यायचे नाहीत आणि फिल्म कुठेही अपलोड करायची नाही.

पण टॅबलेट लगेच हातात दिले नाहीत. आधी कागदावर सहा चौकोन आखून गोष्ट काढायची. मार्गदर्शक बाईंनी यावर शंका काढली होती, मुलं कंटाळतील म्हणून. मी अडून राहिले, कारण उपकरण हातात आलं की मुलांचं लक्ष उपकरणाकडे जातं, आणि त्याआधी त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असायला हवं.

आणि इथेच जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. एका गटात वाद सुरू झाला: आधी काय बाहेर येतं, मूळ की कोंब? पुस्तकात चित्र होतं, पण पुस्तकातलं चित्र बघून प्रश्न पडला नव्हता. फोटो क्रमाने काढायचे म्हटल्यावर पडला. खिडकीत ओल्या कापसावर घेवड्याच्या बिया ठेवल्या होत्या, सगळे तिकडे धावले. मूळ आधी, हे ठरलं. मग त्यांच्यातली एक मुलगी बराच वेळ तिथेच बसून राहिली आणि म्हणाली, "ताई, हे सरळ येतच नाही. मान खाली घालून येतं." खरंच, घेवड्याचा कोंब वाकूनच वर येतो. तो बाक आधी बाहेर पडतो, मग सरळ होताना बीजदलांना, म्हणजे बीच्या दोन जाड डाळिंब्यांना, ओढून वर आणतो, त्यामुळे कोवळा शेंडा मातीत घासला जात नाही. तिने हिरव्या कागदाची पट्टी कात्रीने वाकडी कापली. सरळ कोंब कापून तयार होता, तो बाजूला ठेवला. तिच्या फिल्ममध्ये ती पट्टी फोटोगणिक थोडी थोडी उलगडते. हे मी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या एका गटाचं बी बाहेर डोकावतं, जोराचा पाऊस बघून परत आत जातं आणि पाऊस थांबल्यावर पुन्हा येतं. शास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे, आणि मी तसं विचारलंही: "खरं बी असं करेल का?" त्यांचं उत्तर तयार होतं, नाही, पण आमचं घाबरट आहे. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं आणि आपण कल्पना करतोय हेही ठाऊक होतं. मी ते तसंच राहू दिलं.

एका मुलाला टॅबलेट नकोच होता. त्याने वहीच्या कोपऱ्यात पानापानावर चित्रं काढली आणि पानं फडफडवून बी रुजवलं. मी त्याचं काम इतरांच्या बरोबरीने धरलं. पेन्सिल आणि वहीनेही तेवढेच निर्णय त्याच्याकडून घेतले होते.

आवाज भरणं घाईतच झालं. वर्गातला गोंगाट सगळ्या फिल्ममध्ये आहे.

राहिला गुणांचा प्रश्न, आणि तो सगळ्यात अवघड होता. मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात सर्जनशीलतेचा अभ्यास झाला पाहिजे असं मांडलं, आणि पुढे कल्पनांचा ओघ, त्यांतली विविधता, नवेपणा आणि तपशील अशा अंगांनी ती तपासली जाऊ लागली. संशोधनासाठी ते ठीक आहे. पण आठ वर्षांच्या मुलाच्या कामावर 'नवेपणा: १० पैकी ६' असं लिहायला माझा हात धजावला नाही. मी प्रत्येक गटाला दोनच गोष्टी विचारल्या: तुम्ही काय बदललंत, आणि का? वाकड्या पट्टीचं कारण त्या मुलीने बियांकडे बोट दाखवून सांगितलं. घाबरट बीवाल्यांनी सांगितलं की परत आत जाताना फोटो कमी घेतले, म्हणजे ते पटकन पळाल्यासारखं दिसतं. कमी फोटो म्हणजे जास्त वेग, हे त्यांनी करून करून शोधलं होतं. मी गुण या उत्तरांना दिले, फिल्मच्या सफाईला दिले नाहीत, आणि अहवालात त्यामागची कारणं सविस्तर लिहिली. पाठ निरीक्षकांना ही पद्धत व्यक्तिनिष्ठ वाटली. त्यांचा आक्षेप मी समजू शकते, तरी मी ती बदलली नाही.

शाळेत रुजू झाले की मी तीन गोष्टी मागणार आहे: चार मुलांमागे एक टॅबलेट, तो पक्का धरेल असा स्टँड, आणि जोडून दोन तासिका. एका तासिकेत मुलं मांडामांड करतात आणि घंटा होते. पहिली-दुसरीसाठी स्क्रॅच ज्युनिअरने सुरुवात करायचा विचार आहे. ते ५ ते ७ वयासाठी २०१४ मध्ये आलं आणि त्यातल्या ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चिन्हं असतात, त्यामुळे नुकतं वाचायला लागलेलं मूलही स्वतःची गोष्ट हलवू शकतं. त्या पाठाचं टाचण मी काढायला घेतलं आहे. सहा चौकोनांचा कागद तिथेही आधी येणार आहे.