६५५३ डिग्रीची कोल्ड रूम

द्राक्षाच्या सीझनमध्ये मी फोन उशाशी घेऊनच झोपतो. त्या रात्री तो १ वाजून ४० मिनिटांनी वाजला.

"साहेब, तुमच्या मशिनचा मेसेज आलाय. कोल्ड रूम दोन, तापमान सहा हजार पाचशे त्रेपन्न. द्राक्षं आहेत की बेदाणे झाले, एकदा येऊन बघता का?"

शेठ, म्हणजे या कोल्ड स्टोरेजचे मालक, चिडले की त्यांना चेष्टा सुचते. सूर्याचा पृष्ठभागसुद्धा साडेपाच हजार अंशांच्या आसपास असतो. म्हणजे दिंडोरी तालुक्यात एका पफ पॅनेलच्या (पत्र्यात फोम भरलेल्या भिंतींच्या) खोलीत, द्राक्षाच्या पेट्यांच्या मधोमध, सूर्याहून गरम काहीतरी होतं आणि ते माझ्या यंत्रणेने शोधून काढलं होतं. स्वेटर चढवला, लॅपटॉप आणि मल्टिमीटर पिशवीत टाकला आणि नाशिकहून निघालो.

काम डिसेंबरात झालं होतं. चार प्रीकूलिंग चेंबर, दोन कोल्ड रूम. सकाळी तोडलेला माल पॅक होऊन चेंबरमध्ये जातो, सहा-आठ तासांत मण्याच्या आतलं तापमान ४ अंशांच्या खाली आणायचं, मग शून्याच्या आसपास धरून ठेवायचं, कंटेनर न्हावाशेव्याला निघेपर्यंत. शेठना हे सगळं मोबाइलवर हवं होतं. आधी एकाने वाय-फायचे सेन्सर आत लावून दिले होते. पफ पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो. दार बंद झालं की आतला सेन्सर मुका. म्हणून मी वायरच टाकायची ठरवली. प्रत्येक पॅनेलवर तापमानाचा कंट्रोलर होताच आणि त्याच्या मागे आरएस-४८५चं, म्हणजे दोन वायरींवरून आकडे पाठवायचं, पोर्ट कुणी हात न लावता पडून होतं. दोन वायरींवर सगळे कंट्रोलर माळेसारखे ओवायचे, एक गेटवे त्यांना पाळीपाळीने विचारणार आणि उत्तरं सर्व्हरला पाठवणार. त्यांची आपसातली भाषा मॉडबस, १९७९ सालची, अजून खणखणीत. गेटवे मी पॅनेल रूममध्येच ठेवला. द्राक्षं टिकावीत म्हणून पेट्यांत ठेवलेल्या पॅडमधून निघणारा सल्फर डायऑक्साइड बुरशीला मारतो तसाच तांब्यालाही खातो.

कोटेशनमध्ये शेठचं बोट फक्त ॲपच्या ओळीवर होतं. केबल ट्रे, अर्थिंग, केबलसाठी वेगळा पाइप या ओळींवर एकच शेरा: "हे जरा कमी करा." मी थोडं कमी केलं. ते पुढे येईलच.

पोचलो तेव्हा ऑपरेटर काका दारातच उभे होते, कानटोपी, हातात लांब वही. ते दर दोन तासांनी प्रत्येक रूमचं तापमान हाताने लिहितात, बावीस वर्षं झाली म्हणतात.

"रूम काय दाखवतेय?"

"वजा अर्धा. बरोबर चाललीय. तुमचं ॲपच तापलंय."

कंट्रोलरच्या डिस्प्लेवर खरंच -०.५ होतं. मी लॅपटॉप जोडला. "काका, रजिस्टरमध्ये किती आहे ते बघतो." मॉडबसमध्ये आकडा ज्या कप्प्यात असतो त्याला रजिस्टर म्हणतात.

काकांनी वही छातीशी धरली. "रजिस्टर तर माझ्याकडं हाये."

कप्प्यात होतं ६५५३१. बघितलं आणि कपाळावर हात मारला. कंट्रोलर तापमान दहापट करून पाठवतो, म्हणजे -०.५ चं -५. पण सोळा बिटांच्या कप्प्यात वजाचं चिन्ह लिहायला वेगळी जागा नसते. -५ हे ६५५३६ मधून ५ वजा करून ६५५३१ असं लिहिलं जातं. वाचणाऱ्याला आधी सांगून ठेवावं लागतं की बाबा, हा आकडा वजाही असू शकतो. गेटवेला मी ते सांगितलं नव्हतं. त्याने भोळेपणाने ६५५३१ ला दहाने भागलं आणि शेठना झोपेतून उठवलं. डिसेंबरात टेस्टिंग केलं तेव्हा रूम रिकाम्या, ५ अंशांवर चालत होत्या. शून्याखाली कुणी गेलंच नव्हतं. चूक सरळ माझी.

सेटिंगमध्ये एक शब्द बदलला, आकडा -०.५ झाला. दोन मिनिटांचं काम. पण आता विश्वास कुणाचा नव्हता, माझासुद्धा. काकांना म्हटलं, सगळेच सेन्सर शून्याखाली नेऊन बघू. त्यांनी इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे रूम गार करणाऱ्या युनिटच्या, कॉइलवरचा बर्फ स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून स्टीलच्या पेल्यात भरला, कामगारांच्या स्वयंपाकघरातून मूठभर मीठ आणलं. बर्फात मीठ घातलं की तो शून्याच्या बराच खाली जातो, कुल्फीवाल्याला हे माहीत असतं. एकेक सेन्सर पेल्यात बुडवायचा, मी स्क्रीन बघायची. पहिला वजा चार. दुसरा वजा चार. तिसऱ्या चेंबरला फॅन सुरू झाला आणि आकडाच गायब.

"हे नेहमीचं," काका म्हणाले. वही उलटली. गेल्या पंधरवड्यात अकरा ठिकाणी निळ्या शाईत 'तीन नं. स्क्रीन बंद', प्रत्येकाच्या समोर वेळ. सगळ्या वेळा फॅन सुरू होण्याच्या.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

लाइनचा सप्लाय बंद केला आणि दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावला. या माळेच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर हवा, दोन्ही समांतर, म्हणजे मीटरवर ६० यायला हवेत. आले ४०. तीन रेझिस्टर. तिसरा सापडला चेंबर तीनच्याच कंट्रोलरवर: पाठीमागे रेझिस्टर जोडणारा नखाएवढा स्विच, तो 'ऑन'. माझ्या हाताखालच्या पोराने "सगळीकडे सारखं असू दे" म्हणून केलेला. सिग्नल आधीच दबलेला, त्यात पंख्याच्या ड्राइव्हचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राचा) विजेचा गोंगाट. कारण माझी केबल ड्राइव्हच्या मोटर केबललाच झिपटायने बांधलेली होती, एका ट्रेमध्ये, अगदी देखणी. तीच ती 'जरा कमी' केलेली ओळ. टाय कापले, केबल दुसऱ्या भिंतीने तात्पुरती नेली, स्विच बंद केला. मीटरवर ६०. फॅन चार वेळा चालू-बंद केला. आकडा जागचा हलला नाही.

मग चहा. मग लक्षात आलं की चार्टवर तो सहा हजारी सुळका रात्री ८ वाजून १० मिनिटांवर उभा आहे. सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. उद्या कुणी कंटेनरच्या तापमानाचा हिशेब मागितला असता तर काकांची वही आणि माझा चार्ट यांचं भांडण लागलं असतं, आणि मी वहीच्या बाजूने साक्ष दिली असती. तेही नीट केलं. शिवाय वजा १० ते अधिक ५० च्या बाहेरचा कुठलाही आकडा 'सेन्सर बिघाड' समजायचा आणि तो मेसेज शेठना नाही, मला, हा नियम घातला.

उजाडताना शेठ आले. मोबाइल पुढे केला. "सगळं सरळ झालं, पण हा एक सुळका राहिलाय. त्याच्यामुळं बाकीची रेघ जमिनीला चिकटलीय."

"तो पुसता येईल."

"राहू द्या. पुढच्या वर्षी वायरिंगचे पैसे मागाल तेव्हा लागेल."

निघताना काकांच्या वहीत डोकावलो. दोन वाजताच्या ओळीत रूम दोनपुढे नेहमीच्या अक्षरात -०.५. शेऱ्याच्या रकान्यात: 'इंजिनिअर हजर. मशिनला वजाबाकी शिकवली.'