एक आणा की आठ आणे

२०२३ चा जुलै, गुरुवार, बाहेर ४० च्या वर टेम्परेचर. मी मिडलंडला, म्हणजे पश्चिम टेक्सासमध्ये, एका तेल कंपनीत डिव्हिजन ऑर्डर ॲनालिस्ट आहे. गावाबाहेर जिकडे बघाल तिकडे नंदीबैलासारखी मान हलवणारे पंपजॅक, आणि त्या प्रत्येक पंपाखालच्या तेलाचे मालक कोण, कुणाचा किती हिस्सा, कुणाला किती रॉयल्टी पाठवायची हे ठरवणारं जे खातं असतं त्यात मी गेली नऊ वर्षं बसते.

आपल्याकडच्या लोकांना आधी एक गोष्ट सांगावी लागते. आपल्या शेतात उद्या तेल लागलं तर ते सरकारचं, शेतकऱ्याला फार तर वरच्या जमिनीचा मोबदला. इथे तसं नाही. टेक्सासमध्ये वरची जमीन वेगळी विकता येते आणि खालचं तेल-गॅस वेगळं ठेवता येतं, त्याला मिनरल राइट्स म्हणतात, आणि ते घरादारासारखे वारसाने खाली येतात. कित्येक लोकांना पत्ताच नसतो की पणजोबांनी १९२० च्या सुमारास शेत विकताना खालचा हिस्सा स्वतःकडे राखून ठेवला होता. सातबारा नाही, तलाठी नाही, वारस नोंदीचा फेरफार नाही. काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये डीडची, म्हणजे खरेदीखतांची, जाड जाड पुस्तकं असतात, त्यात कुणी कुणाला काय दिलं ते एकेक पान मागे जात शोधायचं. मधल्या पिढीने काही नोंदवलंच नसेल तर साखळी तिथे तुटते, आणि मग ते पैसे आमच्याकडे सस्पेन्स नावाच्या खात्यात पडून राहतात.

तर साडेअकराला फोन आला. बाई म्हाताऱ्या, वय ८१, ओक्लाहोमातल्या एका छोट्या गावातून बोलत होत्या, आवाज मात्र खणखणीत. म्हणाल्या, मी बँकेत नोटरीपुढे बसलेय, एका कागदावर सही करायची आहे, त्यात माझ्या आईच्या वडिलांचं नाव आहे आणि विहीर खणणारी म्हणून तुमच्या कंपनीचं नाव आहे, एवढंच विचारायचं होतं की तुम्ही खरंच तिथे खणताय का. म्हटलं हो मॅम, त्या सेक्शनमध्ये, म्हणजे जमिनीच्या त्या तुकड्यात, यावर्षीच नवीन आडव्या विहिरी चालू झाल्यात. हे मी सांगू शकत होते, परमिट आणि विहिरींची माहिती रेलरोड कमिशनच्या वेबसाइटवर कुणालाही दिसते (नाव रेल्वेचं असलं तरी टेक्सासमधलं तेल-गॅसचं नियमन तेच खातं बघतं).

बरं मग सही करते, म्हणाल्या. मी विचारलं, लीज आहे का? तर म्हणाल्या हो, लीजच असणार, वीस हजार डॉलरचा चेक पण सोबत आहे.

हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या जमिनीवरची लीज १९५३ पासून चालूच आहे, जुन्या उभ्या विहिरीतून थोडं थोडं का होईना तेल निघत राहिलं म्हणून ती आजवर संपलेली नाही, तिथे नवीन लीज कुणी कशाला घेईल? म्हटलं मॅम, पहिल्या पानावर वर ठळक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून दाखवता का. त्यांनी वाचलं, मिनरल अँड रॉयल्टी डीड. खाली ‘ग्रँट, सेल अँड कन्व्हे’. म्हणजे भाड्याने नाही, कायमचं विकणं. आणि तो चेकही चेक नव्हता, साइट ड्राफ्ट होता, दिसायला सेम, पण घेणाऱ्याने तीस बँकिंग दिवसांत टायटल, म्हणजे मालकी, तपासून मंजूर केलं तरच पैसे, नाहीतर नाही. सही केलेला डीड मात्र तोवर त्यांच्या हातात.

आता इथे माझी खरी अडचण होती. कंपनीच्या माणसाने मालकाला विका किंवा विकू नका असा सल्ला द्यायचा नाही, मी वकील नाही, आणि हा नियम मला पटतो. पण त्याच आठवड्यात त्या सेक्शनचं नवीन टायटल ओपिनियन, म्हणजे मालकी कुणाची यावरचं लेखी मत, आमच्या वकिलाकडून आलं होतं आणि ते माझ्याच टेबलावर उघडं पडलेलं. त्यात काय होतं ते सांगते, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

बाईंच्या आजोबांनी १९२६ मध्ये ३२० एकर विकले आणि डीडमध्ये लिहिलं की सर्व मिनरल्सच्या एक-अष्टमांशाचा अर्धा भाग मी राखून ठेवतो. आपल्या जुन्या आण्यांच्या हिशोबात बघा, एक-अष्टमांश म्हणजे रुपयातले दोन आणे, त्याचा अर्धा म्हणजे एक आणा. सरळ गुणाकार, १/१६. अनेक वर्षं सगळ्यांनी तसंच वाचलं, आम्हीही. पण १९२० च्या दशकात तेल कंपन्या लीज घेताना मालकाला रॉयल्टी ठरलेलीच द्यायच्या, एक-अष्टमांश, इतकी ठरलेली की लोकांना वाटायचं आपल्या तेलाची आपली मालकी म्हणजेच ते दोन आणे. ‘दोन आण्याचा अर्धा’ लिहिताना त्यांच्या मनात ‘माझं जे काही आहे त्याचा अर्धा’ हेच असायचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने व्हॅन डाइक विरुद्ध नॅव्हिगेटर ग्रुप या केसमध्ये १९२४ च्या अशाच एका डीडबद्दल हेच सांगितलं, की जुन्या डीडमध्ये अशा जोडअपूर्णांकात १/८ आला तर तो सगळ्या मिनरल इस्टेटसाठी, म्हणजे खालच्या तेल-गॅसच्या पूर्ण मालकीसाठी, वापरलेला शब्द आहे असं आधी गृहीत धरायचं, कागदातच उलट काही दिसत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे एक आणा नाही, आठ आणे.

आकडे मांडा. आजोबांची चार मुलं, बाईंच्या आईची दोन. जुन्या वाचनाने ३२० चा सोळावा हिस्सा २० एकर, चौघांत ५, बाईंच्या वाट्याला अडीच. नव्या वाचनाने १६०, मग ४०, मग २०. आठपट! बाईंनी ऑफरचं पत्र वाचून दाखवलं, त्यात ‘अंदाजे २.५ नेट मिनरल एकर’ लिहिलेलं, म्हणजे तेलातला त्यांचा हिस्सा एकरात मोजून. आणि डीडमध्ये मात्र ‘या सेक्शनमधला माझा सर्व हक्क, जो काही असेल तो’. किंमत अडीच एकराची आणि जाणार वीस एकर. घेणाऱ्याला कोर्टाचा निकाल माहीत नसेल असं मला वाटत नाही, या धंद्यात त्या वर्षी सगळे तेच बोलत होते.

आमच्या वकिलाचं ओपिनियन मी बाईंना वाचून दाखवू शकत नव्हते, ते कंपनीचं आहे. पण १९२६ चा डीड कोर्टहाउसमध्ये कुणालाही बघता येतो आणि निकालही सगळ्यांसाठी आहे. मी दहा सेकंद गप्प बसले असेन. मग म्हटलं, मॅम, मी सही करा किंवा करू नका असं सांगू शकत नाही, पण तुमच्या हातात आहे ते विक्रीखत आहे एवढं सांगते, आणि मिनरल टायटलचं काम करणारा वकील गाठून त्याला फक्त एक प्रश्न विचारा, आजोबांच्या डीडमधल्या ‘एक-अष्टमांशाच्या अर्ध्या’चं २०२३ नंतर काय होतं. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, नोटरीच्या पेनानेच लिहून घेतलं, आणि म्हणाल्या, हनी, मग आज काही सही होत नाही.

फोन ठेवल्यावर मी आधी मॅनेजरकडे जाऊन जे बोलले ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, कॉलची नोट फाइलला लाव. लावली.

पुढचं काम सोपं नव्हतं. आजोबा १९५१ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही, कोर्टात प्रोबेट (वारसाहक्काची कारवाई) नाही. जुन्या विहिरीचे छोटे चेक थोरल्या मामाच्या नावाने जायचे, मामा गेल्यावर ते परत यायला लागले, आणि टेक्सासमध्ये असे बेवारस पैसे तीन वर्षांनी राज्याच्या कम्प्ट्रोलरकडे, म्हणजे राज्याच्या हिशोब-तिजोरीच्या अधिकाऱ्याकडे, जमा होतात, तसे ते झाले होते (वारसाने कागद दाखवले की तिथून मिळतात, उशीर झाला म्हणून बुडत नाहीत, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते). बाईंनी वकील केला, त्याने ॲफिडेव्हिट ऑफ एअरशिप, म्हणजे वारस कोण याचं शपथपत्र, करायचं ठरवलं. त्याला कुटुंब ओळखणारे पण हिस्सा नसलेले दोन साक्षीदार लागतात. १९५१ मध्ये गेलेल्या माणसाचं घरदार ओळखणारे दोघं २०२३ मध्ये आणायचे कुठून? एक सापडल्या चर्चमधल्या ९३ वर्षांच्या बाई, दुसरे शेजारच्या शेतावर वाढलेले गृहस्थ. जोडीला घरातलं बायबल, पुढच्या कोऱ्या पानावर तीन वेगवेगळ्या शाईत जन्म-मृत्यू-लग्नं लिहिलेली. ते पान स्कॅन होऊन माझ्या इनबॉक्समध्ये आलं तेव्हा मला त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या चोपड्या आठवल्या, आमच्या घराण्याची नावं तिथे अशीच, कुणाकुणाच्या हस्ताक्षरात आहेत. आणि १९५३ च्या लीजवर चारही भावंडांच्या सह्या, ‘अमुकचे वारस’ म्हणून. बाईंच्या आईची सही त्यात होती, वळणदार. ती त्यांनी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

या सगळ्यात ज्या फोनची मला सर्वात जास्त धास्ती होती तो दुसऱ्या बाजूचा. १९२६ मध्ये ज्यांनी शेत घेतलं त्यांचा नातू आजही तिथे कापूस करतो, आणि घरात कायम हेच चालत आलेलं की आपले पंधरा आणे आहेत. नवीन विहिरींचे पैसे यायच्या आत त्यांना सांगावं लागलं की सात आण्यांचा वाद आहे, तेवढे पैसे टायटल मिटेपर्यंत आम्ही अडवून ठेवणार, आणि कायदा तशी मुभा देतो. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, आमच्या आजोबांनी कागद वाचूनच पैसे मोजले होते ना. मला यावर काही उत्तर नव्हतं आणि आजही नाही. त्या माणसाने कुणाला फसवलं नव्हतं, ज्या आकड्याने आयुष्यभर हिशोब केला तो एका निकालाने बदलला. त्यांच्या वकिलाने निकाल वाचला, डीडमध्ये उलट दाखवणारं काही नव्हतं, आणि साधारण नऊ महिन्यांनी दोन्ही घराण्यांनी आठ-आठ आण्यांच्या स्टिप्युलेशनवर, म्हणजे हिस्से मान्य करणाऱ्या करारावर, सह्या केल्या. जुन्या विहिरीचं मागचं कुणी उकरायचं नाही असंही त्यातच लिहिलं.

बाईंची डिव्हिजन ऑर्डर, म्हणजे मालकाचा हिस्सा दशांशात लिहिलेला कागद, मीच केली. १२८० एकरांचं युनिट (विहिरींसाठी एकत्र धरलेली जमीन), २० भागिले १२८०, गुणिले लीजमधली रॉयल्टी १/८, म्हणजे ०.००१९५३१३. पहिला चेक गेला तेव्हा त्यांनी फोन करून स्टबची (चेकसोबतच्या हिशोबाच्या चिठ्ठीची) एकेक ओळ समजून घेतली, तेलावरचा ४.६ टक्के सेव्हरन्स टॅक्स, म्हणजे उत्पादनावरचा राज्याचा कर, गॅसवरचा ७.५, दर महिन्याला आकडा का बदलतो, आडव्या विहिरींचं उत्पादन पहिल्या वर्षात झपाट्याने का उतरतं. हे मी मुद्दाम सांगितलं, कारण पहिला मोठा चेक बघून लोक घर घेतात आणि दुसऱ्या वर्षी अडकतात. त्या म्हणाल्या, घर आहे मला, छप्पर गळतंय तेवढं करून घेते.

त्यांच्या भावाचे वीस एकर मात्र अजून तसेच आहेत. भाऊ १९९८ मध्ये गेले, दोघांचं जाणं-येणं नव्हतं, त्यांना एक मुलगी आहे एवढंच बाईंना माहीत. तिच्या नावाने तिसरं पत्र गेल्या महिन्यात परत आलं. न्यू मेक्सिकोतला एक जुना पत्ता बाईंना ख्रिसमस कार्डांच्या डब्यात सापडलाय, सोमवारी त्यावर पाठवलंय.