हातात सहा फटके असताना

आमच्या गोल्फ कोर्सवरचा सातवा होल पार चारचा (म्हणजे चार फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेला), 410 यार्डांचा आणि स्ट्रोक इंडेक्स 1 चा, म्हणजे सर्वांत अवघड, आहे. डावीकडे कुंपणाची भिंत, उजवीकडे बाभळींची रांग आणि ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताच्या, तीस यार्ड अलीकडून आडवा गेलेला ओढा. माझा कोर्स हँडिकॅप 20 असल्यामुळे मला प्रत्येक होलवर एक आणि सर्वांत अवघड अशा दोन होलांवर दोन-दोन फटक्यांची सवलत मिळते. म्हणजे सातव्यावर मी सहा फटके घेतले तरी माझ्या हिशेबाने तो पारच असतो. स्कोअरकार्डावर हे सगळे छापलेले असते. तरीही ते माझ्या डोक्यात उतरायला चार वर्षे लागली आणि त्या चार वर्षांत मी या होलवर सात, आठ आणि एकदा तर दहा फटके मोजून दिले.

त्या दहाची हकिकत सांगण्यासारखी आहे. मासिक मेडलचा, म्हणजे एकूण फटके मोजणाऱ्या स्पर्धेचा, दिवस होता आणि सहा होल संपेपर्यंत माझे कार्ड कधी नव्हे इतके चांगले चालले होते. ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, उजवीकडे गेला आणि चेंडू बाभळींखाली, सुक्या पाचोळ्यावर सापडला. समोर दोन खोडांच्या मधे हातभर रुंदीची फट होती आणि तिच्यातून थेट ग्रीनवरचा झेंडा दिसत होता. बॅग उचलणाऱ्या कॅडीने पुढे होऊन आखूड फटक्याची स्टिक, सँड वेज, माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "साहेब, आडवा काढा. फेअरवेवर ठेवू, मग तिथून बघू." फेअरवे म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा. मी त्याच्याकडून लांब मारायची हायब्रिड मागून घेतली. दुसरा फटका खोडावर आपटून मागे आला, तिसरा फांदीला लागून वीस यार्डांवर पडला, चौथा ओढ्यात गेला, पाचवा पेनल्टीचा झाला, सहावा ग्रीन ओलांडून बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, सातवा बंकरमधून ग्रीनवर आणि त्यानंतर तीन पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवण्याचे फटके. कॅडीने बंकरमधली वाळू निमूटपणे सारखी केली. तो एक शब्दही बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागले.

2020 पासून लागू झालेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये एका होलवर नेट डबल बोगीपेक्षा (पार, अधिक आपली सवलत, अधिक दोन फटके) जास्त फटके हँडिकॅपसाठी धरले जात नाहीत, त्यामुळे माझ्या दहाचे तिथे आठच झाले. मेडलच्या कार्डावर मात्र दहा ते दहाच राहिले. त्या रात्री मी कागदावर एक साधा हिशेब मांडला. तसली फट मला दहापैकी फार तर तीन वेळा साधते आणि साधली तर मी साधारण पाचात होल पूर्ण करतो. उरलेल्या सात वेळा सरासरी साडेसात फटके लागतात असे धरले, तर एकूण सरासरी पावणेसात येते. चेंडू आडवा काढला, तिसरा फटका ओढ्याच्या अलीकडे ठेवला, चौथ्याने ग्रीन गाठले आणि दोन पट केले, तर होतात सहा. म्हणजे दर वेळी फटीकडे बघून मोह झाला की मी पाऊण फटका फुकट घालवत होतो. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण ते थोडे इकडेतिकडे केले तरी निकाल बदलत नाही, हे मी त्याच कागदावर तपासून पाहिले.

हातात सहा फटके असताना सात घेण्याचे गोल्फमधले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 1999 च्या ओपन या ब्रिटनमधल्या मोठ्या स्पर्धेतले फ्रेंच खेळाडू जाँ व्हान द वेल्ड यांचे. स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टी कोर्सवर शेवटच्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभे असताना त्यांच्याकडे तीन फटक्यांची आघाडी होती, म्हणजे पार चारच्या त्या होलवर डबल बोगी केली असती तरी ते जिंकले असते आणि 1907 च्या आर्नो मासी यांच्यानंतर ओपन जिंकणारे पहिले फ्रेंच खेळाडू ठरले असते. त्यांनी ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारी स्टिक, वापरली आणि चेंडू बराच उजवीकडे जाऊनही सुदैवाने बरा पडला. दुसरा फटका दोन नंबर आयर्नने थेट ग्रीनच्या दिशेने मारला. तो प्रेक्षागाराच्या कठड्यावर आणि मग बॅरी बर्न या ओढ्याच्या दगडी काठावर आपटून मागे दाट गवतात आला. तिथून तिसरा फटका ओढ्यात गेला. बूट काढून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उतरले, पण शेवटी पेनल्टी घेऊन ड्रॉप करावा लागला. पुढचा फटका बंकरमध्ये, तिथून एक फटका, एक पट आणि एकूण सात. बरोबरी झाल्यामुळे खेळलेल्या चार होलांच्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकले, जे त्या दिवशी सकाळी दहा फटके मागे होते.

लोक त्या ड्रायव्हरला नावे ठेवतात. मला ते पटत नाही, कारण ड्रायव्हरने त्यांचे काहीच बिघडवले नव्हते. कठड्यावरून चेंडू मागे उसळणे हेही दुर्दैवच होते. चूक झाली ती तिसऱ्या फटक्यात. गुडघाभर गवतातून ओढ्यापलीकडे चेंडू उचलण्याऐवजी आडवा फेअरवेवर काढला असता, तर चौथा ग्रीनवर आणि दोन पट असे सहाच झाले असते. माझ्या बाभळीखालच्या हिशेबाशी हा हिशेब तंतोतंत जुळतो, फरक एवढाच की माझ्यावर त्या वेळी फक्त कॅडीची नजर होती.

यानंतर मी दुसरे काम केले ते रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर. तोवर कोणी विचारले की मी सांगत असे, माझा सात नंबर (सात नंबरची स्टिक) 150 यार्ड जातो. एका सकाळी वीस चेंडू मारून प्रत्येक कुठे पडला ते वहीत लिहिले, तेव्हा 150 ला पोहोचलेले फक्त दोन निघाले आणि बहुतेक 132 ते 140 च्या दरम्यान होते. म्हणजे चार वर्षे मी दहातल्या एका फटक्यावर विसंबून स्टिक निवडत होतो आणि ग्रीनच्या पुढच्या बंकरना शिव्या देत होतो. आता 140 यार्डांना मी थोडा लांब जाणारा सहा नंबर घेतो आणि झेंडा कुठेही असला तरी ग्रीनच्या मध्यावर रोख धरतो. झेंडा उजव्या बंकरच्या मागे पाच यार्डांवर लावलेला असेल, तर त्याच्याकडे मारलेल्या माझ्या फटक्यांपैकी निम्मे वाळूत जातात. मध्यावर रोख धरला की तेवढ्याच चुका ग्रीनवर किंवा त्याच्या कडेला विसावतात. फटक्यात काहीच सुधारणा झालेली नसते, फक्त चुकांना पडायला जागा मिळालेली असते.

इथे एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. कोर्स मॅनेजमेंट (कुठे कोणता फटका मारायचा याची आखणी) म्हणजे ड्रायव्हर बॅगेतच ठेवणे, हा समज अर्धवट आहे. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदींवरून 'स्ट्रोक्स गेन्ड' ही प्रत्येक फटक्याने किती फायदा झाला ते सांगणारी मोजणी उभी केली, जी पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धा-मालिकेने 2011 मध्ये प्रथम पटिंगसाठी स्वीकारली. तिचा एक निष्कर्ष असा की वाटेत मोठा धोका नसेल, तर चेंडू जितका होलच्या जवळ जाईल तितके चांगले, आणि 'माझ्या आवडीच्या अंतरावर' मुद्दाम मागे राहण्याने बहुधा नुकसानच होते. उलट बाजूचेही उदाहरण आहे. अमेरिकेत ऑगस्टाच्या कोर्सवर होणाऱ्या मास्टर्स स्पर्धेत 2007 मध्ये झॅक जॉन्सन यांनी चारही दिवस पार पाचच्या एकाही होलवर दोन फटक्यांत ग्रीन गाठण्याचा प्रयत्न केला नाही, वेजने खेळत त्या सोळा होलांवर अकरा बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केल्या, एकही बोगी (पारपेक्षा एक जास्त) दिली नाही आणि टायगर वुड्ससह तिघांना दोन फटक्यांनी मागे टाकले. ऑगस्टाच्या त्या होलांपैकी काहींच्या ग्रीनपुढे पाणी आहे आणि वेज हे जॉन्सन यांचे हुकमी हत्यार होते. माझी वेज हुकमी नाही, त्यामुळे ओढा नसलेल्या होलवर मी ड्रायव्हर काढतोच.

पटिंगबद्दल थोडक्यातच लिहितो. टूरवरचे व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, हे कळल्यापासून माझी आठ फुटांवरची चिडचिड संपली. आता लांबच्या पटला मी फक्त वेगाकडे बघतो आणि जमल्यास चेंडू होलच्या उताराखाली राहील असे पाहतो, कारण वरून खाली येणाऱ्या तीन फुटांच्या पटने माझी जितकी कार्डे बिघडवली तितकी ओढ्यानेही बिघडवली नसतील.

पुण्यात खेळणाऱ्यांना ऋतूचाही हिशेब ठेवावा लागतो. मे महिन्यात फेअरवे इतके टणक असतात की चेंडू पडल्यावर तीस-चाळीस यार्ड घरंगळतो आणि सरळ वाटणारा ड्राइव्ह झाडांत जाऊन थांबतो. 2006 च्या ओपनमध्ये इंग्लंडमधल्या होयलेकच्या करपलेल्या फेअरवेंवर टायगर वुड्स यांनी चार दिवसांत ड्रायव्हर एकदाच वापरला आणि ते दोन फटक्यांनी जिंकले, त्यामागे हेच कारण होते. जुलैत सगळे उलटे होते. चेंडू पडतो तिथेच रुततो, म्हणून हवेतले अंतर तेवढेच खरे धरून स्टिक निवडावी लागते. मुंबईहून खेळायला येणाऱ्या मित्रांना सुमारे 560 मीटर उंचीमुळे इथे दोन-तीन यार्ड जास्त मिळतात आणि ते त्याचे श्रेय आपल्या नव्या स्टिकला देतात.

गेल्या रविवारी सातव्यावर माझा ड्राइव्ह पुन्हा बाभळींखाली गेला. या खेपेला फट चांगली दोन हात रुंद होती. कॅडी बॅग घेऊन उभा होता आणि मी काही मागण्याआधीच त्याने सँड वेज अर्धी वर काढली होती. मी ती घेतली, चेंडू आडवा काढला, आठ नंबरने ओढ्याच्या अलीकडे ठेवला, वेजने ग्रीन गाठले. पंधरा फुटांवरून पट गेला नाही, कडेला लागून बाहेर आला. मग सहावा फटका मी घातला आणि कॅडीने कार्डावर 6 लिहिले.