डीपीएफचा दिवा, भाग ३: बंद इंजिनात २१ मिलीबार

डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लावणारा चोर सापडला, मंडळी. आणि तो फिल्टरमध्ये नव्हताच.

गाडी बीएस-६ डिझेल, रोजचं फिरणं जुळे सोलापूर ते सात रस्ता. सायलेन्सर तापतो न तापतो तोच चावी बंद. त्यामुळे पी२४६३ हा एरर कोड आला, म्हणजे फिल्टरमध्ये काजळी जास्त झाली, तेव्हा दोष मी माझ्याच पल्ल्याला दिला. एका वर्कशॉपने तर थेट फिल्टर बदलायचा आकडा काढला. तो ऐकून समोरचा चहा तसाच ठेवून उठलो.

रविवारी ऊन चढायच्या आत स्कॅनर लावला. गाडी रात्रभर थंड, चावी ऑन, इंजिन बंद. डिफरन्शियल प्रेशर २१ मिलीबार! धूरच वाहत नाही, तर फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाबात फरक येईल कुठून? शून्याच्या आसपास हवं. आधी संशय फिल्टरपासून दाबाच्या सेन्सरपर्यंत येणाऱ्या पाइपांवर. त्यात पाणी साचतं, चिरा पडतात. दोन्ही पाइप सेन्सरवरून उपटले. दोन्ही तोंडं उघड्या हवेत. तरी २१. भुसाराच्या दुकानातला काटा रिकाम्या तागडीलाच वजन दाखवतो, तसला प्रकार. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बिचारा ते खरं मानून पुन्हा पुन्हा रीजन (फिल्टर तापवून काजळी जाळणं) लावत होता.

मग डिपस्टिक ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर, आणि वास सरळ डिझेलचा. रीजनसाठी उशिरा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. रीजन अर्धवट तुटत राहिलं की ते साठतच जातं. सेन्सरपेक्षा मला याचीच जास्त धास्ती वाटली. ऑइल लगेच बदललं, कमी राखेचं, सी३ ग्रेडचं.

ओळखीचा फिटर म्हणाला, "मालक, फिल्टर काढून टाकू, कटकटच नको." नको रे बाबा. बेकायदा आहे, आणि मागच्या स्कूटरवाल्याने काय पाप केलंय?

नवा सेन्सर बसवला, ईसीयूमधली जुनी शिकवण स्कॅनरने पुसली आणि पुणे हायवेने मोहोळपर्यंत एका दमात गेलो. वाटेत रीजन लागलं, फिल्टरआधीचं तापमान ६१० अंशांवर. (अशा वेळी वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका.) परतल्यावर इंजिन बंद, आकडा ०. आयडलला ४.

काजळी जळाली, राख जळत नाही. ती किती साठलीय, ते पुढच्या रविवारी बघतो.