रॅकमधली सकाळ

पीएचडीचं दुसरं वर्ष. सकाळी आठला रॅटच्या फुप्फुसधमनीच्या चार रिंगा कापून ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे रिंगांचा ताण मोजणाऱ्या काचपात्रांत टांगल्या. 37 अंशांचं क्रेब्स (रक्तातल्यासारखे क्षार असलेलं द्रावण), खालून कार्बोजेनचे (ऑक्सिजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड) बुडबुडे, आणि रिंगा स्थिरावायला दीड तास. नुसतं बसवेना, म्हणून प्रोस्टासायक्लिन (रक्तवाहिन्या सैल करणारं शरीरातलं रसायन) आणि आयलोप्रॉस्ट (त्याचाच कृत्रिम भाऊबंद) दोन्हींची डायल्यूशन्स क्रेब्समध्येच करून ठेवली. गार थेंबानं रिंग दचकायला नको म्हणून रॅक कोमट पाण्यात ठेवला. स्वतःच्या शिस्तीचं कौतुकही वाटलं.

फिनाइलेफ्रिन दिलं, रिंगा छान आवळल्या. मग प्रोस्टासायक्लिन. स्क्रीनवर सरळ रेष. दहापट मात्रा, रेष ढिम्म. कापताना आतलं अस्तर खरवडलं गेलं असेल म्हणून धुऊन, पुन्हा आवळून, अस्तर शाबूत असेल तरच रिंग सैल करणारं अ‍ॅसिटिलकोलीन दिलं, तर रिंग लगेच सैल पडली. म्हणजे रिंग ठणठणीत. महागडी कुपी बाद निघाली म्हणत मी कंपनीला तक्रारीचा मेल लिहायला घेतला.

मॅडम डोकावल्या. "डायल्यूट कशात केलंस?"

"क्रेब्समध्ये."

"कधी?"

घड्याळाकडे बघतानाच माझ्या पोटात गोळा आला. शरीराच्या तापमानाला, 7.4 पीएचला प्रोस्टासायक्लिन साधारण तीन मिनिटांत निम्मं होतं. हे मला तोंडपाठ होतं. पण ते रक्तातलं गणित, असं मी कुठंतरी धरून चालले होते. दीड तासात तीस वेळा निम्मं, म्हणजे शंभर कोटींत एक भागसुद्धा नाही. मी रिंगांना चक्क क्रेब्स पाजत होते. प्रोस्टासायक्लिन ठेवायचं अल्कली बफरमध्ये, बर्फात, आणि ऐन वेळी काढायचं.

मॅडम रागावल्या नाहीत. (रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.) म्हणाल्या, "आता त्याच रॅकमधलं आयलोप्रॉस्ट घाल."

घातलं. रेष आधी रेंगाळली, मग उतरत गेली, मात्रेगणिक आणखी खाली. तीच सकाळ, तेच पाणी. प्रोस्टासायक्लिनच्या कड्यात ऑक्सिजनचा एक अणू असा बसलाय की पाणी लागलं की तिथला बंध तुटतो; आयलोप्रॉस्टमध्ये त्या जागी कार्बन आहे. 1976 मध्ये जॉन व्हेन आणि साल्व्हाडोर मोंकाडा यांच्या गटाला प्रोस्टासायक्लिन सापडलं तेव्हा त्यांनी त्याला पीजीएक्स म्हटलं होतं. असलं पळपुटं रसायन त्यांनी पकडलं कसं, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा खरंच नवल वाटलं.

मेल खोडला. रिंगा धुतल्या. बर्फ आणायला खाली गेले.