आमची वाटचाल : कंट्रोलर आणि त्याचा खर्च

सोलापुरात टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांसाठी आम्ही इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बनवतो. मागाच्या मुख्य दांड्याचा, म्हणजे क्रँकशाफ्टचा, एक फेरा म्हणजे एक पिक (आडवा धागा एकदा घालणं). प्रॉक्सिमिटी सेन्सरने (जवळ आलेली वस्तू न शिवता ओळखणारा) पिकं मोजायची, ठरल्या आकड्याला काठ सुरू करायचा, ताणा तुटला की माग थांबवायचा. काम एवढंच.

दुरुस्तीकडून उत्पादनाकडे वळलो तेव्हा हिशेबाची पद्धत बदलावी लागली. दुरुस्तीत सुटे भाग आणि मजुरी धरली की दर निघतो. नव्या वस्तूत भागांची यादी हा सगळ्यांत सोपा भाग. पैसा खरा जातो तो फेरबदलांत.

प्रत्येक कामाला आम्ही तीन आकडे लावतो. समजा सगळं सुरळीत झालं तर 8 दिवस, नेहमीसारखं 12, बिघडलं तर 28. मधल्याची चौपट करून तिन्हींची बेरीज घ्यायची, सहाने भागायचं : 14 दिवस. हिशेबात 14 धरतो. पण 8 आणि 28 मध्ये एवढं अंतर असेल तर ते काम सर्वांत आधी हातात घेतो, कारण आपल्याला कमी ठाऊक असतं ते तिथेच.

टेबलावर चालणारा कंट्रोलरचा बोर्ड मागाच्या शेडमध्ये रुसतो. मोटरचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) सुटताना व्होल्टेजचा झटका येतो, कंट्रोलर रीसेट होतो आणि पिकांची मोजणी शून्यावर जाते. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर (झटका शोषणारी जोडणी) लावला की बहुतेक वेळा भागतं. हा उपाय काही रुपयांचा. पीसीबी (सर्किटचा छापील बोर्ड) छापून झाल्यावर तोच दोष सापडला तर नवा लेआउट, नवी छपाई, पुन्हा जोडणी. ऑप्टिकल सेन्सरवर कापसाची रुई बसते, म्हणून धातू ओळखणारा इंडक्टिव्ह सेन्सर. असे दोष छपाईआधीच कळावेत यासाठी पहिला नमुना बाजारात तयार मिळणाऱ्या डेव्हलपमेंट (चाचणीच्या) बोर्डावर जोडून थेट चालत्या मागावर लावतो. दिसायला गबाळा, पण तिथे काय बिघडतं ते स्वस्तात कळतं.

कंट्रोलर ज्यात बसतो त्या डब्याचा हिशेब वेगळा. धरा, पत्र्याचा डबा 350 रुपयांना, प्लॅस्टिकचा 120 ला, पण त्याचा साचा 3 लाखांचा. नगामागे 230 वाचतात, म्हणजे साच्याचे पैसे फिटायला 1300 हून जास्त नग विकावे लागतात. तेवढी मागणी दिसेपर्यंत पत्राच. पुरवठादाराचा हजार नगांचा दर पन्नास नगांच्या खरेदीला लावू नये. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, तरी तोवर रोकड अडकतेच, तीही धरावी.

मंजुरी टप्प्याटप्प्याने देतो. टप्प्याची रक्कम संपली की काम थांबतं. मग वाढीव पैसे द्यायचे की डिस्प्ले, मोबाइल ॲप असं काही कापायचं, ते ठरवतो. बहुतेक वेळा ॲपच जातं.